लाइफ ऑफ पाब्लो, द

लाइफ ऑफ पाब्लो, द : अमेरिकन रॅप-गायक, गीतकार व संगीतनिर्माता कान्ये वेस्ट (८ जून १९७७ – ) याचा सातवा स्टुडिओ-अल्बम. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी तो प्रथम श्रोत्यांसाठी खुला झाला. त्यातील गीतांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, चर्चा त्याच्या प्रकाशनाच्या रीतीची झाली. तबकडी, फीत वा चकती अशा कोणत्याही वस्तुरूपात तो दुकानांत आला नाही. आरंभी तो एकाच वर्गणीपात्र श्रवणसेवेवर उपलब्ध होता आणि प्रकाशनानंतर चार महिन्यांपर्यंत त्यातील गीतांच्या पाठात, मिश्रणात व संख्येत बदल होत राहिले. अल्बम नेमका कोणत्या दिवशी पूर्ण झाला, त्याचा प्रमाण पाठ कोणता आणि त्याची ‘विक्री’ कशी मोजावी, असे तीन प्रश्न या प्रकाशनामुळे पुढे आले. ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात या अल्बमला जे स्थान मिळाले, ते प्रामुख्याने या प्रश्नांमुळे होय.

रचनाकार : रॅप म्हणजे तालवाद्यांच्या वा पूर्वमुद्रित संगीताच्या ठेक्यावर यमकबद्ध मजकूर बोलीच्या लयीत म्हणण्याची शैली. १९७०–८० या दशकात न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्यांत ती उदयास आली. वेस्टचा जन्म अटलांटा येथे व बालपण शिकागो शहरात गेले. त्याची आई डोंडा वेस्ट ही शिकागो स्टेट विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापिका होती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून वेस्ट संगीतनिर्मितीकडे वळला. जुन्या सोल ध्वनिमुद्रिकांतील एखादा तुकडा उचलावयाचा, त्याची गती वाढवून स्वर उंच करावयाचा आणि त्याभोवती नवी रचना उभी करावयाची, ही त्याची आरंभीची खूण होती. जे-झी या रॅप-गायकाच्या द ब्लूप्रिंट (२००१) या अल्बममधील कामामुळे निर्माता म्हणून त्याचे नाव झाले. द कॉलेज ड्रॉपआउट (२००४) हा गायक म्हणून त्याचा पहिला अल्बम. त्यानंतर लेट रजिस्ट्रेशन (२००५), ग्रॅज्युएशन (२००७), ८०८ज अँड हार्टब्रेक (२००८), माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी (२०१०) व यीझस (२०१३) हे अल्बम प्रसिद्ध झाले.

वेस्टच्या कार्यपद्धतीची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेतली पाहिजेत. एक म्हणजे अनेक गायक, वादक व निर्माते यांना एकत्र आणून, प्रत्येकाकडून थोडेथोडे घेऊन, अखेर सर्वांची निवड स्वतः करणे. दुसरे म्हणजे अखेरच्या क्षणापर्यंत काम चालू ठेवणे. यीझसच्या वेळी प्रकाशन तोंडावर आले असताना त्याने रिक रूबिन या निर्मात्याच्या साहाय्याने बरेचसे संगीत काढून टाकून अल्बमचे स्वरूप पालटले होते. तेथे प्रकाशनाच्या तारखेने या फेरफारांना अटकाव केला. द लाइफ ऑफ पाब्लो या अल्बमच्या वेळी तो अटकावच नाहीसा झाला.

प्रकाशनाची रूढ रीत : कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. एका तबकडीच्या दोन बाजूंवर सलग ऐकावयाचा गीतांचा अनुक्रम म्हणजे अल्बम, ही कल्पना त्यानंतर रूढ झाली. या पद्धतीत ‘मास्टर’ म्हणून ओळखले जाणारे अंतिम ध्वनिमुद्रण सिद्ध झाले, की त्यावरून साचे काढले जात व साच्यांवरून लक्षावधी प्रती छापल्या जात. त्या प्रती गोदामांत, तेथून दुकानांत व नभोवाणी केंद्रांवर पोहोचावयास काही आठवडे लागत. म्हणून प्रकाशनाची तारीख आधीच ठरवावी लागे आणि त्या तारखेपूर्वी बरेच दिवस कलावंताला आपले काम थांबवावे लागे. एकदा छापलेली तबकडी परत बोलावता येत नसे. तिच्या मध्यभागालगत कोरलेल्या क्रमांकावरून ती कोणत्या मूळ साच्याची आहे हे ओळखता येई. त्यामुळे दोन आवृत्त्यांत फरक असल्यास संग्राहकांना तो दाखवून देता येई. १९८२ मध्ये आलेल्या काँपॅक्ट डिस्कमुळे ध्वनी अंकरूप झाला. परंतु विकली जाणारी गोष्ट ही वस्तूच राहिली.

स्ट्रीमिंगमुळे या व्यवस्थेचा पायाच बदलला. या पद्धतीत श्रोता गीत विकत घेत नाही. तो मासिक वर्गणी भरतो, अथवा जाहिराती ऐकतो, आणि कंपनीच्या संगणकावर साठविलेले गीत आंतरजालावरून त्याला हवे तेव्हा ऐकविले जाते. गीताची मूळ फाइल कंपनीकडेच राहते. ती बदलून तिच्या जागी दुसरी ठेवली, की ते गीत जगभरच्या सर्व श्रोत्यांसाठी एकदमच बदलते. पूर्वीची फाइल कोणाच्याही घरी उरत नाही. ही तांत्रिक शक्यता २०१६ पूर्वीही होती. परंतु तिचा उघडपणे, कलेचे साधन म्हणून वापर करणारा पहिला गाजलेला अल्बम म्हणजे द लाइफ ऑफ पाब्लो.

पूर्वतयारी व नामांतरे : या अल्बमची घोषणा २०१५ च्या आरंभी सो हेल्प मी गॉड या नावाने झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ते नाव बदलून स्विश असे ठेवण्यात आले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस वेव्ह्‌ज हे नाव जाहीर झाले. फेब्रुवारीत वेस्टने केवळ चार आद्याक्षरे प्रसिद्ध करून ती कशाची आहेत हे ओळखण्याचे आव्हान चाहत्यांना दिले आणि नंतर द लाइफ ऑफ पाब्लो हे नाव जाहीर केले. जानेवारीत त्याने हाताने लिहिलेली गीतांची यादी ट्विटर या समाजमाध्यमावर टाकली होती. पुढे त्या कागदावर नवी नावे चढली, क्रम बदलला आणि स्टुडिओत येऊन गेलेल्यांच्या सह्याही पडल्या. जे टिपण पूर्वी निर्मात्याच्या खणात राहिले असते, ते येथे लोकांसमोर आले. काम चालू असताना ते दाखविण्याची ही वृत्ती पुढील घटनांच्या मुळाशी आहे.

‘वुल्व्ह्‌ज’ या गीताचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात वेस्टने ते सिया ही गायिका व व्हिक मेन्सा हा रॅप-गायक यांच्यासह सादर केले होते. त्यामुळे अल्बम निघण्यापूर्वी वर्षभर त्या गीताचे एक रूप श्रोत्यांच्या कानांत बसले होते.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील श्रवणसोहळा : ११ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात वेस्टने आपल्या वस्त्रप्रावरणांच्या तिसऱ्या मालिकेचे प्रदर्शन व अल्बमचे पहिले श्रवण असा एकत्रित कार्यक्रम केला. व्हनेसा बीक्रॉफ्ट या कलावतीने हजाराहून अधिक व्यक्तींना विशिष्ट वस्त्रे परिधान करावयास लावून क्रीडागृहाच्या मध्यभागी उभे केले होते. वेस्टने आपल्या लॅपटॉपला ध्वनिवर्धकाची तार जोडली व एकेक गीत वाजविले. टायडल या सेवेवरून व अनेक देशांतील चित्रपटगृहांतून हा सोहळा थेट दाखविण्यात आला. अल्बम लगेच प्रसिद्ध होणार अशी अपेक्षा होती. तथापि त्या रात्रीनंतरही वेस्ट स्टुडिओतच होता. तेथे वाजविलेल्या अल्बममध्ये ‘वेव्ह्‌ज’ हे गीत नव्हते. शिकागोचाच तरुण रॅप-गायक चान्स द रॅपर याने ते घेण्याचा आग्रह धरल्याने विलंब झाला, असे वेस्टने जाहीरपणे सांगितले.

प्रथम प्रकाशन : १३ फेब्रुवारीच्या रात्री सॅटर्डे नाइट लाइव्ह या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वेस्टने ‘हायलाइट्स’ व ‘अल्ट्रालाइट बीम’ ही गीते सादर केली आणि व्यासपीठावरूनच अल्बम उपलब्ध झाल्याची घोषणा केली. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा संकेत सुरू झाला होता. द लाइफ ऑफ पाब्लो आला तो रविवारी. या रूपात १८ गीते होती. आरंभी अल्बम २० डॉलर किंमतीस उतरवून घेण्याची सोय होती; परंतु अल्पावधीतच ती बंद करण्यात आली. यानंतर अल्बम ॲपलच्या सेवेवर कधीही येणार नाही, तो विक्रीस कधीही ठेवला जाणार नाही व केवळ टायडलवरच ऐकावयास मिळेल, असे वेस्टने ट्विटरवर घोषित केले.

टायडल ही सेवा चालविणारी ॲस्पिरो ही कंपनी जे-झीने २०१५ मध्ये ५·६ कोटी डॉलरना घेतली होती. त्यानंतर अनेक नामवंत कलावंतांना तिचे भागीदार करून घेण्यात आले व वेस्ट हा त्यांपैकी एक होता. म्हणजे अल्बमचा कर्ता व त्याच्या एकमेव वितरणसेवेचा भागीदार ही व्यक्ती एकच होती. आपल्यावर ५·३ कोटी डॉलरचे कर्ज असल्याचे वेस्टने याच सुमारास लिहिले होते. संगीताच्या मुक्त प्रवाहाची भाषा व एका सेवेची वर्गणीदारसंख्या वाढविण्याचा हेतू या दोन्ही गोष्टी या प्रकाशनात एकमेकींत मिसळल्या होत्या, हे नमूद करणे आवश्यक आहे. त्याचा एक परिणाम असा झाला, की वर्गणी न भरू इच्छिणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी अनधिकृत प्रती उतरवून घेतल्या.

पाठातील बदल : अल्बम निघाला त्याच दिवशी ‘वुल्व्ह्‌ज’ आपण दुरुस्त करणार असल्याचे वेस्टने सांगितले. फेब्रुवारीच्या पाठात सिया व मेन्सा यांचे आवाज नव्हते आणि अखेरीस फ्रँक ओशन या गायकाचा स्वतंत्र भाग जोडलेला होता. मार्चच्या मध्यास टायडलवर नवा पाठ आला. त्यात सिया व मेन्सा यांचे आवाज परत आले व ओशनचा भाग वेगळा काढून ‘फ्रँक्स ट्रॅक’ या नावाचे स्वतंत्र गीत करण्यात आले. अशा रीतीने गीतांची संख्या १९ झाली. ‘फेमस’ या गीताच्या शब्दांतही बदल झाला. अल्बम १ एप्रिल रोजी अन्य सेवांवर आला, तेव्हा अनेक गीतांच्या मिश्रणात लहानमोठे फेरफार झालेले आढळले : कोठे तालाचा भार वाढला, कोठे मागचा आवाज पुढे आला, कोठे एखादी ओळ बदलली. १४ जून रोजी ‘सेंट पाब्लो’ हे साम्फा या गायकाचा सहभाग असलेले गीत शेवटी जोडण्यात आले व संख्या २० झाली.

वेस्टने या अल्बमचे वर्णन जिवंत, बदलती अभिव्यक्ती असे केले. डेफ जॅम या प्रकाशनसंस्थेनेही एप्रिलमधील प्रकाशनाच्या सुमारास तो सतत विकसित होणारा कलाप्रकल्प असल्याचे म्हटले व पुढेही नवे पाठ येतील असे सूचित केले. दुरुस्तीला कलातत्त्वाचे रूप देणाऱ्या या भूमिकेबद्दल समीक्षकांत दोन मते पडली. काहींना ती नव्या माध्यमाची खरी ओळख वाटली. काहींच्या मते ते अपुऱ्या कामाचे समर्थन होते. दोन्ही मतांना आधार आहे. ‘वुल्व्ह्‌ज’मध्ये जो बदल झाला, तो श्रोत्यांना आधीच परिचित असलेल्या रूपाकडे जाणारा होता, त्यात शोधापेक्षा दुरुस्तीचा भाग अधिक दिसतो. उलट ‘सेंट पाब्लो’ हे गीत मूळ अल्बमच्या प्रकाशनकाळातील कर्जाचा व कलहाचा मागोवा घेते. अल्बमच्या प्रकाशनाची हकीकतच अल्बमचा भाग व्हावी, हे केवळ या पद्धतीतच शक्य होते.

आशय व संगीत : ‘पाब्लो’ या नावामागे चित्रकार पाब्लो पिकासो, कोलंबियातील अंमली पदार्थांचा व्यापारी पाब्लो एस्कोबार आणि ख्रिस्ती धर्मप्रसारक संत पॉल (स्पॅनिश रूप पाब्लो) असे तिघे सुचविलेले आहेत. निर्मिती, गुन्हेगारी वैभव व पश्चात्ताप या तीन सूत्रांमधील ओढाताण अल्बमभर जाणवते. वेस्टने त्याचे वर्णन गॉस्पेल अल्बम असे केले होते. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चमधील भक्तिसंगीत. १९३० नंतरच्या दशकात शिकागोत टॉमस ए. डॉर्सी याने त्याला आधुनिक रूप दिले. ‘अल्ट्रालाइट बीम’मध्ये कर्क फ्रँकलिन याची प्रार्थना व गायकवृंद आहे; केली प्राइस, द-ड्रीम व चान्स द रॅपर यांचे भाग आहेत; स्वतः वेस्टला त्यात तुलनेने थोडीच जागा आहे. ‘फादर स्ट्रेच माय हँड्‌स’मध्ये शिकागोचे धर्मोपदेशक टी. एल. बॅरेट यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला आहे, तर ‘फेड’मध्ये शिकागोतच जन्मलेल्या हाउस या नृत्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचा. ‘फेमस’मध्ये नीना सिमोन हिचा मुद्रित आवाज व तेच शब्द नव्याने गाणारी रिॲना यांना समोरासमोर ठेवले आहे. टेलर स्विफ्ट या गायिकेविषयीच्या असभ्य उल्लेखामुळे हे गीत वादग्रस्त ठरले. ‘नो मोअर पार्टीज इन एलए’ या गीतात केंड्रिक लमार याचा सहभाग आहे. बेल्जियन कलावंत पीटर डी पॉटर याने केलेल्या मुखपृष्ठावर नारिंगी पार्श्वभूमीवर शीर्षक पुनःपुन्हा छापले असून एक कौटुंबिक विवाहचित्र व एका स्त्रीचे छायाचित्र शेजारी ठेवले आहे.

प्रार्थनेलगत बीभत्सता, पूर्ण रचनेलगत तुटक टिपण, असा हा अल्बम विस्कळीत आहे. ‘आय लव्ह कान्ये’ हे तर वाद्यसंगीताविना म्हटलेले अल्पसे आत्मविडंबन आहे. तथापि अनेक समीक्षकांना या विस्कळीतपणातच त्याची शक्ती दिसली. जुन्या अर्थाने ‘पूर्ण’ नसलेल्या संगीताला अपूर्ण प्रकाशनपद्धती मिळाली, असा आशय व रीत यांचा मेळ येथे पडतो.

गणना व मान्यता : टायडलने आरंभीच्या काळातील श्रवणसंख्या गणना करणाऱ्या संस्थेला न पुरविल्यामुळे फेब्रुवारीत हा अल्बम बिलबोर्ड साप्ताहिकाच्या सूचीत आलाच नाही. १ एप्रिल २०१६ रोजी तो स्पॉटिफाय, ॲपल म्यूझिक इ. सेवांवर उपलब्ध झाला व वेस्टच्या संकेतस्थळावर विक्रीसही आला. त्यानंतरच्या आठवड्यात ९४ हजार अल्बमतुल्य एककांसह त्याने बिलबोर्ड २०० या सूचीत प्रथम स्थान मिळविले.

अल्बमतुल्य एकक ही संकल्पना येथे स्पष्ट केली पाहिजे. डिसेंबर २०१४ पासून या सूचीत प्रत्यक्ष विक्रीबरोबर श्रवणसंख्याही धरली जाऊ लागली. तीत एका अल्बममधील गीतांचे १,५०० वेळा झालेले श्रवण म्हणजे एका अल्बमची विक्री असे समीकरण ठरविण्यात आले. या हिशेबाने वरील ९४ हजारांपैकी २८ हजार प्रती प्रत्यक्ष विकल्या गेल्या, तर सुमारे ६६ हजार एकके ९ कोटी ९० लाख श्रवणांतून आली. म्हणजे सुमारे ७० टक्के भाग स्ट्रीमिंगचा होता. बहुतांश स्ट्रीमिंगच्या बळावर या सूचीच्या शिरोभागी पोहोचलेला हा पहिला अल्बम होय. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योग संघाने फेब्रुवारी २०१६ पासून हेच प्रमाण स्वीकारले होते. एप्रिल २०१७ मध्ये या संघाने अल्बमला दहा लाख एककांसाठीचे ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र दिले. त्यामागे अमेरिकेतील १५० कोटी श्रवणे होती. मुख्यतः स्ट्रीमिंगमुळे हा मान मिळविणारा तो पहिला अल्बम ठरला. ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमसाठी त्याला नामांकन मिळाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो पुरस्कार चान्स द रॅपरच्या कलरिंग बुक या संग्रहाला मिळाला. तोही केवळ स्ट्रीमिंगवर उपलब्ध असलेला होता.

वाद : अल्बम केवळ टायडलवरच मिळेल या घोषणेवर विसंबून आपण वर्गणी भरली व दीड महिन्यातच तो सर्वत्र उपलब्ध झाला, ही फसवणूक होय, असा दावा एप्रिल २०१६ मध्ये एका वर्गणीदाराने अमेरिकन न्यायालयात दाखल केला. या खटल्याचा शेवट २०१९ मध्ये तडजोडीने झाला. एप्रिलमधील पाठ फेब्रुवारीतील पाठाहून वेगळा होता. तेव्हा तो ‘तोच’ अल्बम म्हणावा काय, हा प्रश्न यातून उद्‌भवतो. एरवी सौंदर्यशास्त्रात शोभणारा हा प्रश्न येथे ग्राहकाच्या हक्काशी निगडित झाला.

दुसरा वाद गणनेसंबंधीचा. २०१८ मध्ये नॉर्वेतील एका दैनिकाने, या अल्बमच्या व बियॉन्से हिच्या लेमोनेड या अल्बमच्या टायडलवरील श्रवणसंख्या फुगविल्या गेल्या, असा आरोप केला. टायडलने तो नाकारला. आरोपाचे काहीही असले, तरी त्यातून व्यवस्थेचा एक दोष स्पष्ट झाला. तबकड्यांची संख्या छापखाना, गोदाम व दुकान अशा तीन ठिकाणी पडताळून पाहता येते. श्रवणांची नोंद मात्र सेवा चालविणाऱ्या कंपनीपाशीच असते.

अन्य अपारंपरिक प्रकाशने : प्रकाशनाची रूढ चौकट मोडण्याचे प्रयत्न यापूर्वीही झाले होते. रेडिओहेड या ब्रिटिश गटाने इन रेनबोज (२००७) या अल्बमची किंमत ठरविण्याचे काम श्रोत्यांवर सोपविले. जे-झीच्या मॅग्ना कार्टा होली ग्रेल (२०१३) या अल्बमच्या दहा लाख प्रती सॅमसंग कंपनीने आगाऊ घेऊन आपल्या दूरध्वनीधारकांना विनामूल्य दिल्या. त्या निमित्ताने उद्योग संघाने प्रमाणपत्राच्या नियमात बदल केला, परंतु बिलबोर्डने त्या प्रती विक्रीत धरल्या नाहीत. त्याच वर्षी निप्सी हसल या रॅप-गायकाने क्रेनशॉ या संग्रहाच्या १,००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरना विकल्या, तर बियॉन्सेने पूर्वसूचना न देता एक संपूर्ण अल्बम चित्रफितींसह प्रसिद्ध केला. वू-टँग क्लॅन या गटाने वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन या अल्बमची एकच प्रत काढून ती २०१५ मध्ये विकली.

या सर्व प्रयोगांत किंमत, वेळ, ग्राहक किंवा प्रतींची संख्या यांत बदल झाला. कृतीचा पाठ मात्र स्थिर राहिला. वू-टँग क्लॅनची एकमेव प्रत व वेस्टचा सतत बदलणारा अल्बम ही या बाबतीतील दोन टोके होत. एका ठिकाणी पाठ कायम, पण तो ऐकावयास मिळणे दुर्लभ. दुसऱ्या ठिकाणी तो सर्वांना सुलभ, पण आज ऐकलेला उद्या तसाच मिळेल याची खात्री नाही.

पाठनिश्चितीचा प्रश्न : प्रकाशनानंतर कृती बदलणे हे कलेच्या इतिहासात नवे नाही. ग्रंथकार सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या काढतात. अँटोन ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराने आपल्या अनेक सिंफनी पुनःपुन्हा बदलल्या आणि त्यांचे निरनिराळे पाठ आज स्वतंत्रपणे वाजविले जातात. मुद्रणपूर्व काळातील पोथ्यांत तर पाठभेद हा नियमच होता. परंतु या सर्व उदाहरणांत नवा पाठ आला म्हणून जुना नष्ट झाला नाही. पहिली आवृत्ती ग्रंथालयात राहते, हस्तलिखित दप्तरात राहते व पाठचिकित्सा करणाऱ्याला ते शेजारी ठेवून वाचता येतात. मैफलीतील गायन प्रत्येक वेळी वेगळे असते हे खरे. पण ते पुन्हा तसेच मिळेल असे वचन तेथे कोणी देत नाही. ध्वनिमुद्रणाने ते वचन दिले होते. स्ट्रीमिंगमधील बदल जुन्या पाठाच्या शेजारी नव्हे, तर त्याच्या जागी येतो.

याचा परिणाम असा, की १४ फेब्रुवारी २०१६ रोजी लोकांनी जे ऐकले, ज्याची परीक्षणे वृत्तपत्रांत छापून आली, तो पाठ अधिकृत सेवांवरून नाहीसा झाला. तो टिकला आहे तो मुख्यतः चाहत्यांनी परवानगीविना उतरवून घेतलेल्या प्रतींत. कोणत्या गीताच्या कोणत्या क्षणी काय बदलले, याची जुळणीही प्रथम त्यांनीच केली. कायद्याच्या दृष्टीने ज्या प्रती चोरीच्या, त्याच इतिहासाच्या दृष्टीने या कृतीच्या आद्य पाठाच्या साक्षीदार ठरल्या, ही या प्रकरणातील मोठी विसंगती होय. रॅप संगीताचा अभ्यास करणाऱ्याला शब्द, उच्चार व मिश्रण यांतील सूक्ष्म फरकांवर निष्कर्ष आधारावे लागतात. तेव्हा आपण कोणत्या दिवशीचा पाठ वापरला, हे नोंदविणे अशा अभ्यासात अपरिहार्य झाले आहे.

परिणाम : या अल्बमनंतर वेस्टने हीच पद्धती पुढे नेली. डोंडा (२०२१) या आईच्या नावाने काढलेल्या अल्बमचे जाहीर श्रवण अटलांटा व शिकागो येथील भव्य क्रीडागारांत तीनदा झाले व प्रत्येक वेळी त्याचे रूप वेगळे होते. डोंडा २ (२०२२) हे संगीत तर श्रोत्याला आवाज व वाद्ये वेगवेगळी करता येतील अशा २०० डॉलर किंमतीच्या एका उपकरणावरच देण्यात आले. २०२१ मध्ये वेस्टने ‘ये’ असे नाव कायदेशीर रीत्या धारण केले. २०२२ मध्ये त्याने केलेल्या ज्यूद्वेषी विधानांमुळे आदिदास व अन्य कंपन्यांनी त्याच्याशी संबंध तोडले व त्याच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला.

पद्धती मात्र त्याच्यापुरती मर्यादित राहिली नाही. २०२२ मध्ये अपंगत्वासंबंधीच्या एका अपमानकारक शब्दावर आक्षेप घेतला गेल्यावर लिझो व बियॉन्से या दोघींनी आपापल्या प्रकाशित गीतांतील तो शब्द काही दिवसांतच बदलला. दुखावलेल्यांची तक्रार इतक्या त्वरेने दूर व्हावी, हा या पद्धतीचा उघड लाभ होय. परंतु ज्या सोयीने एक शब्द तत्काळ सुधारता येतो, त्याच सोयीने कृतीचा कोणताही भाग मागे खूण न ठेवता काढताही येतो आणि तो अधिकार श्रोत्याकडे नव्हे, तर फाइल ताब्यात असलेल्याकडे असतो.

जून २०१६ मधील २० गीतांचा पाठ हा द लाइफ ऑफ पाब्लो या अल्बमचा रूढ पाठ म्हणून पुढे प्रचलित झाला. सूचींत मात्र त्याची प्रकाशन-तारीख १४ फेब्रुवारी २०१६ अशीच दिली जाते. तारीख एका पाठाची व गीते दुसऱ्या पाठाची, असा हा भेद असल्याने या अल्बमची नोंद करताना दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे देणे इष्ट ठरते.